कोकणातून बर्फावर: पहिल्या स्कीइंगसाठी ठिकाण कसं निवडायचं

स्कीइंगला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती ‘गुलमर्ग की मनाली’ अशी. पण त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. पायाला स्की बांधून पहिले तीन दिवस तुम्ही नेमक्या कुठल्या उतारावर उभे राहणार आहात? आपल्याकडे पोराला पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत सोडतात. उधाणाच्या समुद्रात कोणी सोडत नाही. स्कीचं ठिकाण निवडतानाही तसंच करा. जाहिरातीत शिखराचा फोटो असतो, पण नवख्या माणसाचा सगळा वेळ पायथ्याच्या दोनशे-तीनशे मीटर उतारावर जातो. त्या उताराची चौकशी आधी करा, बाकी सगळं मागाहून.

आधी तारखा, मग ठिकाण

हिमालयात हिवाळ्यातला बर्फ पडतो तो पश्चिमेकडून येणाऱ्या चक्रावातांमुळे. मोसमी पावसासारखा त्याचा हंगाम सलग नसतो. एक चक्रावात येतो, दोन-तीन दिवस बर्फ पडतो, मग आठवडाभर कोरडं ऊन. एखाद्या वर्षी हे चक्रावात उशिरा येतात. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बरेच दिवस उघडे होते आणि चांगला बर्फ महिनाअखेरीनंतर आला. ज्यांनी नाताळच्या सुट्टीचं किंवा जानेवारीच्या सुरुवातीचं बुकिंग केलं होतं, त्यांना गवत बघून परत यावं लागलं.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून पुढच्या चाळीस दिवसांच्या कडक थंडीला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. बर्फाचा थर चांगला जमतो तो बहुधा या काळाच्या उत्तरार्धात. म्हणून पहिल्या खेपेसाठी २० जानेवारी ते २० फेब्रुवारी हा काळ धरा. मार्चमध्येही स्की करता येतं, पण खालचे उतार दुपारी वितळून भिजतात आणि रात्री गोठतात. सकाळी तिथे कडक बर्फाचा पापुद्रा असतो आणि नवखा माणूस त्यावर सपाटून पडतो.

आपल्या वेळापत्रकाशी हे कसं जुळतं? आंबा बागायतदाराचे हे दिवस मोहोर सांभाळायचे आणि फवारणीचे, त्यामुळे मागे विश्वासू माणूस असल्याशिवाय आठवडा काढणं अवघड. होमस्टेवाल्यांना मात्र नववर्षाची गर्दी ओसरल्यानंतरचा आणि शिमग्याआधीचा हाच काळ मोकळा असतो. दहावी-बारावीचं पोर घरात असेल तर त्या वर्षी विचारच नको. आणि ज्यांची सुट्टी मासेमारी बंदीला बांधलेली आहे, त्यांना जून-जुलैत बर्फ हवा तर दक्षिण गोलार्ध गाठावा लागेल. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनच्या आसपासचे स्की उतार तेव्हा सुरू असतात. खर्च अर्थात कितीतरी पट.

दिवस किती? स्कीवर सलग पाच दिवस हवेत. पहिल्या दिवशी बूट, तोल आणि पडून उठणं. दुसऱ्या दिवशी स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून वेग मारणं, म्हणजे स्नोप्लाउ. तिसऱ्या दिवशी अंग दुखतं आणि सोडून द्यावंसं वाटतं. चौथ्या दिवशी वळणं जमायला लागतात. दोन दिवसांची सहल काढणारा माणूस बरोबर त्या दुखऱ्या टप्प्यावर परत निघतो आणि हा खेळ आपला नाही असं ठरवून टाकतो. पाच दिवस जमत नसतील तर ट्रिप पुढच्या वर्षावर टाका.

उतार कसा पारखायचा

हॉटेलला किंवा प्रशिक्षण संस्थेला फोन करून हे विचारा, जमल्यास उताराचा चालू आठवड्यातला व्हिडिओ मागवा.

पहिली गोष्ट, उताराचा शेवट. नवख्यांचा उतार खाली जाऊन आपोआप सपाट झाला पाहिजे, म्हणजे ब्रेक न जमणारा माणूसही थांबतो. खाली रस्ता, कुंपण, झाडं किंवा ओढा असेल तर तो उतार शिकायचा नाही, फोटोत कितीही छान दिसो.

दुसरी, उताराची तीव्रता. उताराची टक्केवारी म्हणजे आडवं शंभर मीटर अंतर कापल्यावर किती मीटर खाली आलो ते. अमेरिकी पद्धतीत हिरवं वर्तुळ म्हणजे साधारण २५ टक्क्यांपर्यंत, निळा चौकोन २५ ते ४०, काळा हिरा त्याहून जास्त. युरोपात निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड, काही देशांत त्याखाली हिरवाही असतो. हे रंग त्या-त्या ठिकाणापुरते असतात, एका ठिकाणचा निळा दुसरीकडे लाल ठरू शकतो. भारतात सगळीकडे असे फलक मिळतीलच असं नाही, म्हणून टक्केवारीच विचारलेली बरी. पहिल्या दोन दिवसांना १० टक्क्यांच्या आसपासचा उतार पुरे.

तिसरी, वर जायची सोय. लिफ्ट नसेल तर प्रत्येक घसरणीनंतर स्की खांद्यावर घेऊन चढावं लागतं. अडीच हजार मीटर उंचीवर असं दहा वेळा केलं की दम संपतो आणि शिकायला ताकद उरत नाही. लिफ्ट कुठल्या प्रकारची आहे तेही विचारा. चेअरलिफ्टवर बसता येतं. ड्रॅग लिफ्टमध्ये दोरीचा दांडा पायांमध्ये किंवा कमरेमागे धरून उभ्यानं ओढत जावं लागतं, तिथे पहिल्या दिवशी हमखास पडायला होतं. त्या दांड्यावर बसायचं नाही, गुडघे सैल ठेवून नुसतं टेकायचं.

चौथी, दिशा. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर बर्फ मऊ राहतो. दक्षिणेकडचा उन्हानं वितळतो आणि रात्री काचेसारखा होतो.

पाचवी, गर्दी. त्याच उतारावर स्लेज, टायर आणि स्नो स्कूटर फिरत असतील तर शिकणाऱ्याला धोका. सकाळी साडेनऊच्या आत उतारावर पोचता येईल का, तेही बघा.

भारतातले तीन पर्याय

गुलमर्ग हे पहिल्या खेपेसाठी सगळ्यांत भरवशाचं. बारामुल्ला जिल्ह्यात, सुमारे २,६५० मीटर उंचीवरचं हे पठार आहे आणि त्याच्या कडेचे सौम्य उतार शिकण्यासाठी उत्तम. ड्रॅग लिफ्ट आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग इथेच आहे. तिच्या अभ्यासक्रमाच्या तारखा आधी जाहीर होतात, त्या जुळल्या तर खासगी शिकवणीपेक्षा स्वस्तात आणि शिस्तीत शिकून होतं.

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे केबल कार, दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटर. दुसरा अफरवाट शिखराच्या खांद्यापर्यंत, जवळपास ३,९५० मीटर. दोन्हींची तिकिटं वेगळी, ऑनलाइन घ्यायची, आणि हंगामात लवकर संपतात. पहिल्या टप्प्याचं तिकीट आजी-आजोबांसाठीही काढा. दुसरा टप्पा नवख्या स्कीवाल्यासाठी नाही. वरून खाली येणारे उतार यंत्रानं दाबून सारखे केलेले नसतात आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीपटू आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू अफरवाटच्या बाजूला हिमस्खलनात गेले. कोणी स्थानिक ‘चला, वरून आणतो’ म्हणाला तरी पहिल्या वर्षी नको म्हणा.

गुलमर्गमध्ये राहायच्या जागा मोजक्या आणि महाग, म्हणून बरेच जण १३ किलोमीटर खाली तनमर्गला राहतात. वाचलेले पैसे रोजच्या, चाकांना साखळी बांधलेल्या गाडीत आणि वाट बघण्यात जातात. ताजा बर्फ पडला की रस्ता बंद, आणि नेमका तोच दिवस स्कीसाठी सर्वांत चांगला असतो. परवडत असेल तर वरच राहा.

औली उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात. उतार रुंद, लांब, समोर नंदादेवी, आणि गढवाल मंडल विकास निगमचे सात व चौदा दिवसांचे अभ्यासक्रम इथे चालत आले आहेत. सात दिवसांचा अभ्यासक्रम नवख्याला अगदी योग्य. पण दोन अडचणी आहेत. औलीतला बर्फ गुलमर्गपेक्षा बेभरवशाचा, एखाद्या वर्षी जानेवारी कोरडा जातो. दुसरं म्हणजे पोचणं. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली आणि तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. म्हणून रोपवे धरून बेत आखू नका. शेवटच्या चढासाठी गाडी ठरवा आणि रस्ता मोकळा आहे का, हे निघायच्या आदल्या दिवशी विचारा. ऋषिकेशपासून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर, डोंगरी रस्ता, अख्खा दिवस जातो. कोकण रेल्वेमार्गानं केरळहून योगनगरी ऋषिकेशला साप्ताहिक गाडी जाते. ती तुमच्या जवळच्या स्टेशनावर थांबत असेल तर औलीवाल्यांना दिल्लीत गाडी बदलायची कटकट नाही.

मनालीजवळची सोलंग खोरी पोचायला सोपी, पण तिथला शिकायचा उतार लहान आणि पर्यटकांनी भरलेला. अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेच्या अभ्यासक्रमात नाव लागलं तर जरूर जा. नुसतं फिरायला गेलात तर तासाभराची चव घेण्यापलीकडे फारसं हाती लागत नाही.

परदेश कधी परवडतो

यंत्रानं दाबलेले सारखे उतार, रंगीत फलक, कृत्रिम बर्फाची सोय आणि मापाचं सामान हे सगळं एकत्र हवं असेल तर कझाकस्तानमधलं शिमबुलाक बघा. ते अल्माटी शहरापासून तासाभराच्या अंतरावर आहे, पायथा सुमारे २,२६० मीटर, वरचं टोक ३,२०० मीटरच्या आसपास. भारतीय पासपोर्टवर तिथे चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तरी तिकीट काढण्याआधी नियम पुन्हा तपासा. शहरात राहून रोज उतारावर जाता येतं, त्यामुळे राहण्याचा खर्च आवाक्यात राहतो. जॉर्जियातलं गुदाउरीही चांगलं, रुंद आणि झाडं नसलेले उतार. पण झाडं नसल्यामुळे ढग उतरले की उतार कुठे आणि आभाळ कुठे ते कळत नाही, आणि नवखा घाबरतो.

आणखी एक सोय आपल्याच घरात असते. रत्नागिरी, दापोली, महाड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी आखातात आहे. दुबईला त्यांच्याकडे जाणं होणार असेल तर तिथल्या मॉलमधल्या बंदिस्त स्की दुबईत दोन धडे घ्या. सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा, तापमान शून्याच्या खाली, सामान भाड्यात. बूट घालून चालणं आणि स्नोप्लाउ एवढं तिथे जमलं तर हिमालयातला एक दिवस वाचतो. नाहीच आवडलं तर मोठा खर्च वाचतो, तेही कमी नाही.

समुद्रसपाटीवरून निघताना

आपण शून्य मीटरवरचे लोक. सकाळी मोपा किंवा मुंबईहून निघून संध्याकाळी गुलमर्गला पोचलो तर एका दिवसात अडीच हजार मीटर चढतो, आणि उंचीचा त्रास साधारण याच उंचीपासून सुरू होतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं. पहिली रात्र श्रीनगरला काढा, ते सुमारे १,६०० मीटरवर आहे. गुलमर्गला पोचल्यावर पहिल्या दिवशी बूट-स्की मापून घ्या, फिरा, पण शिकवणी दुसऱ्या दिवसापासून. दर तासाला थोडं पाणी प्या. थंडीत तहान कळत नाही, आणि कोरड्या हवेत आपल्या दमट हवेला सरावलेल्या अंगातलं पाणी भराभर जातं. दारू पहिल्या दोन रात्री बंद. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या किंवा चालताना तोल जायला लागला तर झोपून वाट बघायची नाही, खाली उतरायचं. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. नुसतं ‘काश्मीरला जातोय’ म्हटल्यावर त्यांना नेमकी कल्पना येत नाही.

गाड्यांचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. रत्नागिरीहून दिल्ली, पुढे कटरा, आणि २०२५ च्या जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरला थेट वंदे भारत. या मार्गावरच्या चिनाब पुलाचं काम पाहिलं ते आपल्या कोकण रेल्वे महामंडळानं, आणि घाट-बोगद्यांत घडलेल्या या संस्थेचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे. जानेवारीत दिल्लीत धुक्यामुळे गाड्या आणि विमानं रखडतात, बर्फ पडला की श्रीनगरची विमानंही रद्द होतात. म्हणून जाताना दिल्लीत निदान सहा तास आणि परतताना एक अख्खा दिवस राखीव ठेवा. परतीच्या दुसऱ्या दिवशी गावात लग्न असेल तर तारीखच बदला.

मोबाइल प्रीपेड असेल तर बाहेरच्या राज्याचं कार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातला एक तरी नंबर पोस्टपेड करून घ्या.

हॉटेलला विचारायचं ते

खोलीपासून शिकण्याच्या उतारापर्यंत स्की बूट घालून किती मिनिटं लागतात? किलोमीटर विचारू नका. प्लॅस्टिकच्या कडक बुटात, खांद्यावर स्की घेऊन पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालणं रोज जमत नाही. रात्रभर हीटिंग असतं की ठरावीक तास? वीज गेली तर? ओले बूट-हातमोजे वाळवायची गरम जागा आहे का? हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि दुसऱ्या दिवशी ओला हातमोजा घालून निघतात. खोलीत कोळशाची किंवा लाकडाची शेगडी असेल तर झोपण्यापूर्वी विझवा किंवा बाहेर काढा. बंद खोलीत तिच्या वायूनं जीव जातो.

शिकवणाऱ्याकडे कुठल्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे आणि एका वेळी किती जण असतात ते विचारा. सहा-सातपर्यंत ठीक. दर तासाचा की दिवसाचा, त्यात सामान आणि लिफ्ट धरली आहे का, हे पहिला धडा सुरू होण्याआधी ठरवून घ्या.

सामान: भाड्याचं काय, स्वतःचं काय

स्की, पोल, बूट आणि हेल्मेट भाड्यानं. बूट हेच सर्वांत महत्त्वाचं, इथे अर्धा तास घालवायची लाज नको. घरूनच माप घेऊन जा. संध्याकाळी टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहा आणि अंगठ्याच्या टोकापर्यंतचे सेंटिमीटर मोजा. बूट याच मापात असतात. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर सुटली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा. मोजा एकच, पातळ किंवा मध्यम. थंडी वाजेल म्हणून दोन घातले की रक्त अडतं आणि पाय उलट गार पडतात.

स्कीची उंची हनुवटी ते नाक यांच्यामध्ये. बाइंडिंग, म्हणजे बूट धरणारा खटका, तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि अनुभव यांवर बसवतात. वजन खरं सांगा. खटका घट्ट राहिला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळला जातो. सैल राहिला तर वळताना सुटते. स्कीच्या धारेवरून नख हलकेच फिरवा. गंज किंवा खाच लागली तर दुसरी जोडी मागा.

स्वतःचं घ्यायचं ते थर्मल, फ्लीस, जलरोधक हातमोजे, गॉगल आणि मोजे. लोकरीचे हातमोजे पहिल्या पडण्यातच भिजतात. सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं आणि थांबल्यावर थंडी भरते. भाड्याचं जॅकेट घेताना बाहीवर चमचाभर पाणी टाका, ते घरंगळलं पाहिजे. शोषलं गेलं तर दुसरं बघा.

बर्फावरून ऊन परावर्तित होतं, ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खालून परत येतात. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही सनस्क्रीन लावा. त्याऐवजी खोबरेल तेल चालत नाही, आणि नेलंत तरी ते २४ अंशांखाली थिजतं, बाटलीतून निघत नाही. ओठांना घट्ट मलम घ्या.

विम्याच्या कागदात ‘साहसी खेळ’ वगळले आहेत का ते वाचा. बऱ्याच पॉलिसीत असतात. वेगळी भर टाकून घेता येते.

निघायच्या आधीचे सहा आठवडे

मांड्या तयार लागतात. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसायचं, तीस सेकंदांपासून दीड मिनिटापर्यंत वाढवत न्यायचं. जांभ्याच्या पायऱ्या चढा आणि मुख्यतः उतरा, कारण स्कीत उतरतानाचे स्नायू राबतात. भरतीरेषेच्या वरच्या मऊ कोरड्या वाळूत रोज वीस मिनिटं चाललात तर घोट्याचा तोल सुधारतो. ही सोय दिल्ली-पुण्याच्या माणसाला नाही, तिचा फायदा घ्या.

परत आल्यावर एक काम लगेच करायचं. ओलं सामान कपाटात गेलं की जूनपर्यंत त्यावर बुरशी धरते आणि गॉगलच्या काचेवर डाग राहतात. हातमोजे, जॅकेट आणि गॉगल दोन दिवस सावलीत वाऱ्यावर वाळवा. मेमध्ये कपडे पुन्हा एकदा ऊन दाखवून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. चालायचे बर्फाचे बूट विकत घेतले असतील तर पुढच्या खेपेआधी महिनाभर घालून बघा. आपल्या दमट हवेत त्यांच्या तळव्याचा डिंक सुटतो, आणि ते गुलमर्गच्या रस्त्यावर कळण्यापेक्षा घरच्या अंगणात कळलेलं परवडतं.